जास्तीचं तेवढं कापलं

२ फेब्रुवारी, चहाच्या आधी

मला न विचारता माझ्या अंगणात गाडीची शेड करायचं ठरलंय. काल मुलगा टेप घेऊन अंगणात उभा. गाडी चौदा फूट, अंगण सोळा फूट, आणि आई, मधे तुझी वेल येते. टेप माझी. माझ्याच टेपने माझं माप काढलं.

हं. आता नमस्कार, वही. बरी आहेस ना? तू मापांची वही. पुढची निम्मी पानं गिऱ्हाइकांच्या छाती-कंबर-बाहीने भरली, मागची कोरी राहिली आणि दुकान बंद झालं. चौथी पास बाईचं अक्षर आहे, चालवून घे.

वेल हनीसकलची. भिंतीवर चढते, फुलं येतात, वास घमघमतो, असं नर्सरीवाला म्हणाला होता. तीन वर्षं झाली. भिंतीवर चढली. फूल एक नाही. नुसता पाला. घरी बकरी असती तर तिने तरी माझं नाव काढलं असतं.

मुलगा म्हणाला, आई, तुला फुलांची हौस कधीपासून? हौस कसली. शिवणखोलीत आता नात अभ्यास करते, मशीन जिन्याखाली गेलं, तेव्हा मी चकार शब्द काढला नाही. या घरात माझी म्हणावी अशी भिंतीलगतची चार हात माती उरलीय. ती मी देत नाही. विषय संपला.

संपला नाही. शेवटी ठरलं ते असं. एकतीस मेपर्यंत एक फूल दाखवायचं. दाखवलं तर वेल राहील आणि गाडी रस्त्यावर. नाही दाखवलं तर गवंडी येईल. मी म्हटलं, एक काय, शंभर दाखवते. सून हसली. जेवताना हसू नये, ठसका लागतो. लागला.

३ फेब्रुवारी

हेडबाईबद्दल एकदाच लिहिते, परत लिहिणार नाही.

भिंतीपलीकडे राहते. शाळेची हेडबाई होती. आता नुसती बाई आहे, पण आवाज अजून घंटा झाल्यानंतरचा. अकरा वर्षांपूर्वी तिच्या निरोप समारंभासाठी मी कोट शिवला. कोट सुरेख झाला होता. तिने तो घातला, सगळ्या शाळेसमोर दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, बघा, एक बाही आखूड. बाही आखूड नव्हती. तिचा एक हात लांब आहे. मी तिथेच तोंडावर सांगितलं. तेव्हापासून बोलणं बंद. तिची मापं याच वहीत पुढे आहेत. उघडून बघायची गरज नाही, मला पाठ आहेत.

पलीकडून हाक आली की ओ सुनेने द्यायची, हा घरातला नियम. अकरा वर्षांत मी एकदाही दिलेली नाही. एकदा गॅसवाला तिच्या दारातून ओरडत होता, त्यालाही दिली नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

योजना तयार. वेलीत खोट नाही, शिस्त नाही. कापड असो, पोर असो, वेल असो, वेळेवर कापून सरळ केलं की नीट बसतं. भिंतीवर शिंप्याच्या खडूने रेघ मारली, जमिनीपासून बरोबर पाच फूट. दोन अंगांना दोन रेघा. वेलीने या चौकटीत राहायचं. बाहेर येईल ते जास्तीचं. जास्तीचं कापायचं. दर रविवारी, न चुकता.

कापडाची कात्री वापरली नाही. ती कापडालाच. सुनेने एकदा त्या कात्रीने दुधाची पिशवी कापली होती, ते मी विसरलेले नाही. वेलीला लाल मुठीची, बागेची. दोन टोपल्या पाला निघाला. पाण्याच्या पिंपामागून एक फांदी भिंतीवर गेलीय, तिथे हात पोचत नाही, सोडून दिली. दिसत नाही ते मापात धरत नाहीत.

नातीने मोबाईलवर वाचून दाखवलं. दोन जातीच्या असतात म्हणे. एक जुन्या फांदीवर फुलते, ती फुलं होऊन गेल्यावर कापायची. दुसरी नव्या फांदीवर फुलते, ती थंडी सरता सरता कापायची. आजी, आपली कुठली? मी म्हटलं, हिरवी.

११ फेब्रुवारी

नर्सरीवाल्याकडे गेले. तीन वर्षांची तक्रार उभ्या उभ्या ऐकवली. म्हणाला, आजी, हिला पायाला सावली आणि डोक्याला ऊन लागतं. मी म्हटलं, मलाही लागतं, मिळतं कुठे? मग विचारतो, कापता कधी कधी? दर रविवारी, मी म्हटलं. त्याने हातातली झारी खाली ठेवली. मग म्हणाला, आजी, एक करा, कात्री कुणाकडे तरी ठेवायला द्या.

त्याच्या शर्टाची बटणं एक घर चुकलेली होती. ज्याला स्वतःचा शर्ट लावता येत नाही तो मला वेल शिकवणार.

पायाला सावली मात्र केली. मुळांपाशी फुटक्या फरशीचे तुकडे रचले. ती माझीच कल्पना.

१ मार्च, रविवार

पालवी फुटली! कोवळी, तजेलदार, चौकटभर. सगळ्यांना अंगणात बोलावून दाखवली. सून म्हणाली, छान. नात म्हणाली, छान. मुलगा म्हणाला, फूल? मी म्हटलं, पोर जन्मत नाही तोच त्याला दाढी मागतोस?

दोन शेंडे रेघेच्या वर गेले होते. कापले.

२२ मार्च, रविवार

कापलं.

वेल दिसते मात्र अशी, जणू इस्त्री करून भिंतीला लावलीय. रस्त्याने जाणारा पोस्टमन थांबून म्हणाला, आजी, प्लास्टिकची का? जळतात लोक.

५ एप्रिल, रविवार

टोकांना रोग आला. बघता बघता शेंड्याशेंड्याला जोडीजोडीने फिकट, लांबट बोटं फुटलीत, अळ्या शेपटीवर उभ्या राहाव्यात तशी. चष्मा लावून बघितलं, अंगावर काटा आला. पसरायच्या आत सगळी टोकं छाटली. सत्तावीस. मुलाला सांगितलं, आई वेळेवर आली नसती तर वेल गेली असती. तो म्हणाला, तर मग तुलाच वेळेवर अडवायला हवं होतं.

१२ एप्रिल, रविवार

रोग परत. छाटला. चिवट आहे. मीही आहे.

२० एप्रिल, संध्याकाळी

वास आला!

दिवेलागणीला अंगणात बसले होते. गोड, गार, मधासारखा वास. नर्सरीवाल्याने सांगितलेला तोच. मुलाला हाताला धरून आणलं. घे म्हटलं, छाती भरून घे. त्याने घेतला. चांगला आहे म्हणाला. फूल कुठे? मी म्हटलं, वास आला म्हणजे फूल आलंच, धूर दिसला की जाळ असतोच. तो म्हणाला, करार फुलाचा आहे, वासाचा नाही. कोणाच्या पोटचा आहे कोण जाणे. माझ्याच आहे.

पान न पान उलटून बघितलं. फूल नाही. सून हळूच म्हणाली, आई, वास पलीकडून येतोय. मी म्हटलं, हेडबाई अत्तर लावते. या वयात! सून दिवा लावायला आत गेली. वाद घालत नाही, हे तिचं मला आवडतं.

२६ एप्रिल, रविवार

नात स्टुलावर चढून पलीकडे बघून आली. बघायला मी सांगितलं नव्हतं. स्टूल मी धरलं होतं एवढंच.

हेडबाईची भिंत फुलांनी पांढरी झालीय. पांढरी आणि पिवळी. बोट ठेवायला जागा नाही म्हणे. आणि आजी, ती आपलीच वेल आहे. पिंपामागची फांदी वर चढून पलीकडे उतरलीय.

माझी माती, माझं पाणी, तीन वर्षं शेणखत मी घातलं आणि फुललीस तिच्याकडे? आयत्या बिळावर नागोबा! पिंपामागे माझा हात पोचत नाही हे वेलीला बरोबर कळलं. गिऱ्हाईकसुद्धा इतकं बेइमान बघितलं नाही मी.

रेघेबाहेरचं कापलं. राग वेगळा, शिस्त वेगळी.

३ मे, सकाळी लवकर

ठरलं. वेल अलीकडे ओढून आणायची. माल माझा, मी उचलणार, परवानगी कसली?

पिंप सरकवलं, वेलीचा पिळा हाताला गुंडाळला आणि ओढलं. अर्धा हात आली. परत ओढलं. पलीकडे काहीतरी धाडकन पडलं. हेडबाई ओरडली, कोण आहे तिकडे?

सून न्हाणीघरात. आता ओ कोण देणार? मी श्वास धरून, वेल धरून उभी. परत हाक. कोण आहे? नियम म्हणजे नियम. मी हूं की चूं केलं नाही. मग ती आपल्याशीच म्हणाली, मांजर असेल. आणि तिकडून अशी ओढली वेल की मी पिंपावर आदळले.

मांजर! चाळीस वर्षं पायडल मारलेले पाय आहेत हे.

कोपर खरचटलं. सुनेने विचारलं, काय झालं? म्हटलं, मांजर.

१० मे

अठ्ठावीस दिवस रोग नाही. फूलही नाही. वेल अगदी निरोगी आहे.

मुलगा कॅलेंडरकडे बघतो आणि मग माझ्याकडे बघतो. बघू दे. मी हरणाऱ्यातली नाही. करारात काय म्हटलंय? एक फूल दाखव. ते कुठून आलं पाहिजे, असं काही म्हटलेलं नाही. विचार चालू आहे.

१६ मे

जिन्याखालून मशीन ओढून काढलं. तेल घातलं. पेटीत पांढऱ्या अस्तराचा तुकडा होता. फूल शिवलं. पाच पाकळ्या, मधे पिवळ्या दोऱ्याच्या गाठी, उलट बाजूने कच्ची शिलाई दिसू नये म्हणून आतून पट्टी. नात म्हणाली, आजी, फोटो दाखवू का, हनीसकल तसं नसतं, लांब नळी असते. मी म्हटलं, फूल ते फूल. शर्टाला मी कधी फोटो बघितला नाही.

हात अजून चालतो. टाका एकसारखा. फुकट मशीन जिन्याखाली टाकलं.

१७ मे, रविवार

फूल दाखवलं. पानाआड, अर्धं झाकलेलं, सकाळच्या कोवळ्या उन्हात. दुरून जिवंत वाटत होतं. मलाच क्षणभर वाटलं की आलं.

मुलगा आला. वाकला. वास घेतला. म्हणाला, आई, डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय. मग चिमटीत धरून उलटं केलं. म्हणाला, फुलाच्या काठाला तुरपाई नसते.

मी म्हटलं, चांगल्या फुलाला असते.

सून स्वयंपाकघरात गेली आणि तिथे बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. हसण्याचा आवाज नळाने झाकत नाही, हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

फूल मुलाने फेकलं नाही, खिशात घातलं. पुरावा म्हणून असणार.

२४ मे, रविवार

गवंडी माप घ्यायला आला. टेप दिली नाही. तो आपली घेऊन आला होता. वेलीच्या बुंध्यापाशी खुणेचा दगड ठेवून गेला. मी तो दगड उचलून फाटकाबाहेर ठेवला. मुलाने परत आणला. मी परत नेला.

आज कापलं नाही. विसरले नव्हते. वेल एकटक माझ्याकडे बघत होती, म्हणून नुसतीच समोर उभी राहिले.

३० मे

गवंडी उद्या दुपारी येणार.

सून म्हणाली, आई, पलीकडे जाऊन एक फूल मागा ना. एकच. मी तिला सांगितलं आणि इथेही लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी शब्द फिरवायला नको. मेले तरी हेडबाईच्या दारात पाऊल टाकणार नाही. वेल गेली तर गेली. मान खाली घालणार नाही.

३१ मे, रविवार, दुपारी

गेले.

फूल मागायला नाही. माझी वेल किती आत घुसलीय त्याचं माप घ्यायला. गळ्यात टेप टाकली आणि हातात लाल मुठीची कात्री घेतली, म्हणजे कामाला आल्यासारखं दिसतं.

दार तिनेच उघडलं. म्हणाली, या टेलरबाई. अकरा वर्षांत मांजर दारातून पहिल्यांदाच आलं. कोटाची बाही आणलीत का? मी म्हटलं, वेल मोजायला आलेय. ती म्हणाली, मोजा.

मोजली. माझ्या बाजूला पाच फूट, तिच्या बाजूला एकोणीस. रेघ नाही, चौकट नाही. कपड्यांच्या तारेवर, जुन्या शिडीवर, खिडकीच्या गजांवर, वाटेल तशी मोकाट सुटलेली, आणि फुलांनी वाकलेली. पाय माझ्या सावलीत, डोकं तिच्या उन्हात. आणि फुलांच्या मधे मधे, शेंड्याशेंड्याला, तो रोग. तीच फिकट बोटं, जोडीजोडीने. काही मिटलेली. काही टोकाला फाटलेली. चष्मा पुसून परत घातला. रोगातून फूल निघत होतं.

एप्रिलमध्ये मी किती टोकं छाटली त्याची बेरीज केली नाही. बेरजेत मी पहिल्यापासून कच्ची.

तिने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, ऊन लागलं. तिने खुर्ची आणून दिली. मी विचारलं, तुम्ही हिला कापता कधी? ती म्हणाली, मी कशाला कापू? मला कुठे तुमच्यासारखी कात्री चालवता येते.

टोमणा होता की नव्हता, कळलं नाही. म्हटलं, आता आलेच आहे तर हात मोजू द्या. तिने दोन्ही हात पुढे केले, समारंभात केले होते तसेच. उजवा बावीस. डावा बावीस. टेप उलटी धरून परत मोजले. बावीस, बावीस. हात दाखवून अवलक्षण म्हणतात. इथे हात तिने दाखवले आणि अवलक्षण माझं. मी म्हटलं, वय झालं की लांब हात आखडतो. ती म्हणाली, असेल.

तेवढ्यात आमच्या अंगणात गवंड्याची घमेली वाजली. तोंडातून निघून गेलं की आज वेल जाणार. फूल मागितलं नाही, हे लक्षात घ्यावं. हेडबाई उठली, भिंतीपाशी गेली आणि माझ्या मुलाला हाक मारली. मुलगा तिच्याच शाळेचा, मागच्या बाकावरचा. बेचाळीस वर्षांचा घोडा, पण हाक ऐकली आणि शर्ट खोचत स्टुलावर चढला. भिंतीवर नुसतं डोकं दिसत होतं.

तिने विचारलं, वेलीचं मूळ कुठे आहे?

आमच्याकडे, बाई.

मग फूल कुणाचं?

त्याने कॉलर नीट केली. तिने परत विचारलं, जरा वरच्या पट्टीत.

आमचं, बाई.

किती दिसतायत?

खूप, बाई.

करार किती फुलांचा होता? हे तिला कसं कळलं? सून! एका फुलाचा, बाई, मुलगा म्हणाला. तिने विचारलं, मग गवंडी कशाला आलाय?

चहाला, बाई.

गवंड्याने चहा घेतला, दोन बिस्किटं घेतली आणि घमेली उचलून गेला.

जिंकले. शंभर म्हटलं होतं, शंभराच्या वर दाखवली. मी उठून निघाले तर हेडबाईने हात पुढे केला. मला वाटलं, निरोपाचा. म्हणाली, कात्री. फुलं संपेपर्यंत माझ्याकडे राहील. मग कापायचं, माझ्यासमोर, मी सांगेन तेवढंच. मी म्हटलं, मी काय तुमच्या वर्गातली आहे? ती हात तसाच धरून उभी. बावीस इंच.

दिली. शर्टाची बटणं चुकलेला माणूसही हेच म्हणाला होता, पण तो योगायोग.

३१ मे, दिवेलागणीला

वास येतोय. अंगणात बसून लिहितेय.

वहीची पुढची पानं उघडली. सहज. हेडबाई, कोट, राखाडी. उजवी बाही बावीस. डावी बावीस. अक्षर माझंच. म्हणजे माप मी बरोबर घेतलं होतं, हे आज पक्कं झालं. कापताना कुठेतरी दोन इंच जास्तीचे गेले. नात तेव्हा चार वर्षांची, मशीनखाली खेळायची. तिनेच धक्का दिला असणार. उद्या विचारते.

पेटीत त्या राखाडी कापडाचा तुकडा आहे, दोन बाह्या निघतील एवढा. अकरा वर्षं का ठेवला ते विचारू नये. चिंध्या मी टाकत नाही.

नातीकडून निरोप धाडलाय, सकाळी हेडबाई तो कोट घेऊन भिंतीशी येणार आहे. घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, इथेही लिहिते. उद्यापासून पलीकडून हाक आली की ओ मी द्यायची. सुनेने नाही, नातीने नाही, मुलाने तर नाहीच. कात्री माझी अडकलीय. मीच बोलणार.